छाट

अर्जाचा चौथा भाग: नातं.
नवरा-बायको, स्वतःचं मूल, आई, वडील, आजी-आजोबा.
खाली एक बारीक बाण आहे.
दाबला की पुन्हा तेच सगळे वर येतात.

विडी घरकुलात दुपारची लाईट गेलेली.
माझ्या मांडीवर लॅपटॉप, चार्जिंग एकतीस टक्के,
समोर अत्ता, मांडीवर सूप.
पान, पत्रा, कात्री, चिमूटभर जर्दा, वळण, दोरा.
"काय लिहालास बे इतका वेळ?"
तुझं नातं, म्हणालो.
"मग लिही की. त्यात काय विचार करालास?"

आई गेली तेव्हा मी दीड वर्षाचा.
बाप भिवंडीला मागावर गेला
आणि दिवाळीच्या आसपास मनिऑर्डर होऊन यायचा,
पुढे तसाही यायचा थांबला.
हे लिहायला अर्जात जागा आहे, पाचशे अक्षरं.
त्यापुढे अत्ता सुरू होते, आणि जागा संपते.

पद्मजाला नेलं तेव्हा अकरा महिने लागले.
संसार खरा आहे, दाखवा, म्हणाले.
आम्ही लग्नाचे फोटो दिले, फोनची बिलं,
दोघांच्या नावचं गॅसकार्ड.
प्रत्येक फोटोत कडेला हिरव्या इरकलीत एक बाई,
अर्धी फ्रेमच्या बाहेर.
तिकडच्या वकीलबाईंनी विचारलं, ह्या कोण?
मी सांगत राहिलो. त्या म्हणाल्या, फार जवळच्या दिसतात.
मग चष्मा काढून: दत्तकाचा कागद आहे?

अत्ताला विचारलं.
ती उठली, हात पदराला पुसले,
पत्र्याच्या पेटीतून विडीकार्डांचा गठ्ठा काढला.
रोजचे हजार, कधी अकराशे, सणाला सातशे.
कडेला पेन्सिलीत तिचं तेलुगू, मुंग्यांसारखं:
तिरूच्या वह्या, सात हजार.
तिरूचा दात, चार हजार.
बारावीचा क्लास, ब्याण्णव हजार विड्या,
त्याच्यापुढे एक टिंब, जोरात दाबलेलं.
"हे चालतं का बघ."

मी एकेक पान खिडकीशी धरून स्कॅन केलं.
फाईल फार मोठी आहे, म्हणालं पोर्टल.

मग पाहुणी म्हणून ने, पद्मजा फोनवर म्हणाली.
तो अर्ज उघडला तर तिथे सगळं उलटं.
इथे माझी कोण ते पटवायचं होतं,
तिथे ही बाई नक्की परत जाईल हे पटवायचं.
घर? पालिकेच्या नोंदीत आजोबांच्या नावावर.
नोकरी? कारखान्याचा फोटोपास, कोपरा जळलेला.
मायदेशी कुटुंब? मी.
मी तर तिकडे.

आणि बोटांचे ठसे.
आधारच्या वेळी पोरानं सात वेळा अंगठा दाबून घेतला,
मशीनला त्या बोटावर कुणीच सापडलं नाही.
शेवटी डोळ्यांवर भागवलं.

"एवढं तोंड कशाला पाडालास? नाही म्हणाले?"
म्हटलं, अजून नाही. पण नियमात बसत नाहीस तू.
"छाट काढली म्हण की."
हसली. बंडल बांधता बांधता तिनं एक विडी बाजूला केली.
"शेकड्यात पाच-सहा जातातच.
तोंड नीट मिटलं नाही की चेकर फेकतो.
ओढणाऱ्याला काय कळतंय, जळती तर तीबी."

संध्याकाळी तिनं बादलीत उद्याचा पाला भिजत घातला,
वर ओलं पोतं, पोत्यावर पाटा.
मी विचारलं, अत्ता, तिकडे आलीस तर परत का यायचंस?
ती बादलीकडे बघत राहिली,
जसं उत्तर तिथेच आहे, मला दिसत नाही एवढंच.
"भिजलेला पाला किती दिवस ठेवतो बे कोण?"

तेच लिहिलं. वकीलबाई खोडतील.
चार्जिंग नऊ टक्के.
पहिला अर्जही अजून उघडा आहे,
बाण दाबतोय.